आधी हिच्यावर करून बघा

वहिनीसाहेबांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि माझं तोंड बायकांकडं वळवलं. बाजारात बैलाचे दात दाखवतात, तसं.

“बघा. हिचं असं झालेलं बघितलं, म्हणून मी डायरेक्ट डॉक्टरकडं गेले.”

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या तलवाड्यात त्यांच्या बंगल्याचा हॉल बायकांनी भरलेला. माझ्या हातात तिळगुळाचं ताट. माझा वरचा ओठ एका बाजूनं फुगलेला, आत वाटाण्याएवढी गाठ. एक बाई म्हणाली, “अगं माय, गांधीलमाशी डसली का काय?” सगळ्या हसल्या. मीही हसले. हसले की ओठ एकीकडंच ओढला जायचा. ते बघून त्या आणखी हसल्या. मी ताट पुढं धरलं. गोड बोला म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मी गेवराईत एका पार्लरमध्ये काम करते. वहिनीसाहेब म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्याची थोरली सून. माझी आई त्यांच्याकडं भांडी घासते. फेशियल, भुवया, मेंदी, सगळं मी बंगल्यावर जाऊन करायचे. पार्लरच्या खुर्चीत त्या कधी बसल्या नाहीत. चारचौघींची खुर्ची ती.

त्या घरात एक रीत होती. नवी वस्तू आधी माझ्या अंगावर. मेंदीचा नवा कोन आधी माझ्या तळहातावर, रंग चढला तर त्यांच्या. केसांचा रंग आधी माझ्या बटेला. एकदा नव्या ब्लीचनं माझ्या मनगटाची साल निघाली. “बरं झालं, तुझ्यावर बघितलं,” म्हणाल्या, आणि डबी उकिरड्यावर टाकायला माझ्याकडंच दिली. घरी आईला मनगट दाखवलं तर आई म्हणाली, “मोठ्या घरची वस्तू पयली तुला लागती, हे काय कमी हाय?” आईला तो मान वाटायचा. मलाही बरेच दिवस वाटला.

आणि मी जळायचे. हे लपवत नाही. वहिनीसाहेबांवर मी मनापासून जळायचे. आम्ही दोघी एकाच वयाच्या. भुवया कोरताना त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब. डोळे मिटून, निवांत. त्या गालाला कधी ऊन लागलं नाही. मी आईबरोबर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, ते ऊन माझ्या कपाळावर अजून आहे. दोरा ओढायचे आणि मनात म्हणायचे, हिला कावून? मला का नाही? त्यांना ठसका लागला तरी पाणी घेऊन दोन बायका धावायच्या. मी तापात पडले तर आई म्हणायची, ऊठ, बंगल्यावरून निरोप आलाय.

दिवाळीच्या आधी त्यांनी पुण्याहून एक बाई बोलावली. ओठ भरायचं फिलर घेऊन. ती डॉक्टर नव्हती, कसलासा कोर्स केलेली होती. वहिनीसाहेब पलंगावर आडव्या झाल्या. सुई बघितली. उठून बसल्या.

“आधी हिच्यावर करून बघा.”

मला कुणी विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. उलट मनात लाडू फुटले. एकदा तरी त्यांच्याआधी मला मिळणार होतं. वापरून टाकलेलं नाही, उरलेलं नाही. पहिलं. मी पलंगावर पडले, तर वहिनीसाहेब म्हणाल्या, “पलंगावर नको, खाली चटईवर.” मी खाली पडले. सुई गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. हात धरायला कुणी नव्हतं.

ओठ सुजला. सूज उतरली, गाठ राहिली. वहिनीसाहेबांनी रोज माझं तोंड बघितलं आणि त्या बाईला परत बोलावलं नाही. पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरकडं जाऊन त्यांनी ओठ भरले, गालही भरले. बायका त्यांना म्हणायच्या, “तब्येत सुधारली बाई.” मला म्हणायच्या, “कशाला असले सोस?” तेच औषध. तीच सुई. त्यांच्या तोंडावर तब्येत, माझ्या तोंडावर सोस. हळदीकुंकवाला हनुवटी धरली ती ह्याच तोंडाची.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची हवा सुरू झाली. आमची जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि वहिनीसाहेबांचं नाव पुढं आलं. चौकात बॅनर लागला. लोक खाली उभं राहून विचारायचे, ही कोण? भरलेले गाल फोटोत फारच भरलेले दिसत होते. त्यांचे सासरे जेवता जेवता म्हणाले, “मतं मागायला जायचंय, पिच्चरमंदी न्हाई. पयलं तोंड घेऊन या.”

फिलर विरघळवायचं ठरलं. त्यालाही सुईच असते. पण वहिनीसाहेबांनी मोबाईलवर कायकाय बघितलं होतं. आग होते, कातडी लोंबते, एखादीला सोसत नाही. त्यांनी मला बोलावलं.

“तुझी गाठ काढून टाकू. बीडला चांगली डॉक्टरीण हाय. खर्च आमचा. आधी तू करून घे. किती दुखतं, कसं दिसतं, समदं ध्यानात ठेव अन् येऊन मला सांग.”

मला गाठ नको होती. मी त्यांच्या गाडीत बसले.

डॉक्टरीणबाईंनी आधी ओठ दाबून बघितला. मग विचारलं, “हे तुम्हाला काढायचंय, का कुणी काढ म्हणतंय म्हणून आलात?”

तुम्हाला. माझ्या तोंडाबद्दल पहिल्यांदा कुणीतरी मलाच विचारत होतं. “मला काढायचंय,” म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, मधमाशी चावल्यावर कधी अंगभर सूज आली होती का, दम लागला होता का. असं झालेल्यांना हे औषध बाधू शकतं म्हणे. माझं तसं काही नव्हतं. वहिनीसाहेब एकदा हुरडा खायला रानात गेल्या होत्या, तेव्हा त्यांना झालं होतं. त्यांनी कोपराच्या खाली थोडंसं औषध टोचलं आणि बाहेर बसवलं. “तुम्हाला सोसतं का ते बघू.”

मी त्या हाताकडं बघत बसले. ह्या हातावर आजवर किती काय काय लावून बघितलं होतं, सगळं दुसऱ्यासाठी. आज माझ्या हातावर माझ्यासाठी बघत होते. मला सोसलं नाही तर मला द्यायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट. बाकड्यावर बसल्या बसल्या माझं डोकं तापत गेलं. इतकी वर्षं मला माणूस म्हणून नाही, तर चिंधी म्हणून वापरलं होतं.

सुई दिली तेव्हा ओठाला मिरची चोळल्यासारखी आग झाली. बाईंनी अंगठ्यानं गाठ चोळली. त्या दिवशी ओठ आणखीच सुजला, काळानिळा झाला. दुसऱ्या दिवशी गाठ मऊ पडली. मग ओठ रिकामा वाटायला लागला, पहिल्यापेक्षाही बारीक. आरशात बघून मी घाबरले. बाईंनी आधीच सांगितलं होतं, थोडे दिवस तसं दिसतं, घाई करू नका, पंधरा दिवसांनी दाखवा, कण राहिला तर परत टोचू. हळूहळू माझा ओठ मला ओळखू यायला लागला.

बंगल्यावरून निरोपावर निरोप. शेवटी गेले. तोंडाला स्कार्फ बांधून. हॉलमध्ये प्रचाराच्या चार बायका बसल्या होत्या.

“स्कार्फ काढ, बघू दे ह्यांना पण,” वहिनीसाहेब म्हणाल्या.

“न्हाई काढत.”

“अगं, कावून? दुखलं का लई? कातडं लोंबलं का?”

“माझं तोंड हाय. मी दाखवणार न्हाई, अन् सांगणार बी न्हाई.”

“खर्च कुणी केला?”

“वठ कुणापायी खराब झालता?”

मी वहिनीसाहेबांचा चेहरा बघितला. घाबरला होता. सुईला घाबरलेला. मला तो चेहरा बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

“एकच सांगते,” मी म्हणाले. “रानात तुमाला मधमाशी चावलती तवा अंगभर सुजला व्हता. ते डॉक्टरला सांगा. जिवाचं हाय म्हणून सांगितलं. बाकीचं तुमी सोसून बघा.”

“माज आला का गं तुला?”

“आला.”

आईचं काम सुटलं. आई माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, “त्यांची बरोबरी करतीस का?” हो, करते. मी अजून जळते त्यांच्यावर. त्यांच्या गालावर, त्यांच्या पलंगावर, त्यांच्यासाठी धावणाऱ्या बायकांवर. मला सांगितलं होतं, जळणं वाईट. कौतुक करावं, पायरीनं राहावं. पण जो स्वतःला त्याच मापाचा समजतो, तोच जळतो. जळणं पोटात ठेवून वर कौतुक करत होते तोवर मी चटईवर होते.

आता त्या मत मागायला आमच्या आळीत येतील. हात जोडतील. येऊ द्या. मी दारात उभी राहणार. मत देणार नाही, आणि का देत नाही ते आळीतल्या सगळ्या बायकांसमोर, त्यांच्या तोंडावर सांगणार.