उकंड्याला हाक मारणारी

माझी थोरली बहीण दगडाबाई गेली ही खबर मला सेलूच्या कापूस बाजारात कळली. तिच्या नातवाचा फोन आला, "आप्पा, आजी गेली. मातीला निघा." मी ट्रॉलीच्या फळीला धरून तिथंच उभा राहिलो. लोकांना वाटलं, म्हातारा रडायलाय. मी रडत नव्हतो, भ्यालो होतो. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही... हे कसलं भेव ते सांगतो. माझी शाळा दुसरीतच सुटली. लिहिण्यात चुका असतील, त्याला इलाज नाही. खोटं मात्र एक अक्षर नाही.

गाव मला विश्वनाथआप्पा म्हणतं. ते नाव शाळेत मास्तरानं घातलं. माझं खरं नाव उकंड्या. उकिरड्याला आमच्याकडं उकंडा म्हणतात. आमच्या आईची लेकरं जगत नव्हती. पाळण्यात घालून चांगलं नाव ठेवलं, की थोड्या दिवसांत लेकरू जायचं. जुनी माणसं म्हणायची, देखण्या नावावर मरणाची नजर पडते. म्हणून पुढं मुलगी झाली तिचं नाव दगडा ठेवलं. दगड कोण उचलून नेणार? ती जगली. आईला वाटलं, आता संकट टळलं. तिच्या पाठच्यांची नावं पुन्हा देवादिकांची ठेवली, आणि ती लेकरं गेली. मग मी झालो. सुइणीनं मला सुपात घालून उकंड्यावर नेऊन ठेवलं, आणि जगलेल्या लेकराच्या हातानंच उचलायचं म्हणून दगडाला पाठवलं. तिला शिकवलं होतं तसं ती मोठ्यानं ओरडली, "उकंड्यावर घाण पडलीया, कुणाची हाय? कुणाची नसंल तर मी नेते!" कुणी ओ द्यायची नाही, अशी रीत. आई आत पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली. दगडानं मला उचललं, घरी आणून आईपुढं ठेवलं आणि म्हणाली, "घे, उकंड्या सापडला." हेच माझं बारसं. म्हातारपणी ती मला सांगायची, "लय भ्याले व्हते रं मी. तू रडतच नव्हतास. मला वाटलं, मेलेलंच उचलायले..."

हे आमच्यातच होतं असं नाही. मी जिनिंगात कामाला होतो तेव्हा तिथं घसिटा नावाचा एक मुसलमान फिटर होता, आणि रेल्वेतला पेंटय्या नावाचा तेलंगी रोज चहाला यायचा. एकदा माझं घरचं नाव कळलं तर पेंटय्या एवढा हसला की तोंडातली विडी पडली. म्हणाला, "आप्पा, पेंट म्हणजे आमच्याकडं तुमचा उकंडाच की!" त्याच्याही आईनं त्याला तसंच टाकून उचललं होतं. घसिट्याला त्याच्या अम्मीनं सुपात घालून अंगणभर ओढत नेलं, म्हणून तो घसिटा. तो म्हणायचा, "मौत को दगा देने का काम है आप्पा. हर माँ करती." या बायांनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, बोलीही वेगळी, पण भेव तेच आणि तोडही तीच. आडनावाचं काय, आडनाव गावावरनं पडतं, सगळ्या भावकीचं असतं. हे नाव एका लेकरासाठी भीत भीत केलेलं असतं.

दगडाचं लग्न चारठाण्याकडं झालं. सासरी तांदळात अंगठीनं लिहून तिचं नाव भागीरथी केलं. नवरीचं नाव बदलायची रीतच होती, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आमची आई मात्र मांडवात खालीच बसली. "नाव काढलं, लेकरू उघडं पडलं," एवढंच बोलत राहिली. मग तिनं मला हुकूम केला. पंचमीला बहिणीला आणायला जाशील तेव्हा दारात उभा राहून जुन्या नावानं मोठ्यानं हाक मारायची, मरणाला ऐकू गेलं पाहिजे. पहिल्या पंचमीला मी गेलो आणि दारातून ओरडलो, "दगडे! ए दगडे!" तिची सासू लाटणं घेऊनच बाहेर आली.

"आमच्या घरात दगड न्हाई. भागीरथी हाय."

"तुमची भागीरथी तुमी ठेवा मामी, आमचा दगड तेवढा द्या."

"भावाला जीभ लय हाय गं तुझ्या," असं म्हणत म्हातारी आत गेली. दगडा चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. आई गेल्यावरही मी ती हाक कधी चुकवली नाही. म्हातारी मरेपर्यंत मला शिव्या घालायची, आणि हाक ऐकल्याबिगर लेकीसारख्या सुनेला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही.

शेवटची भेट झाली तेव्हा दगडा बाजेवर होती. मी कानाशी जाऊन हाक मारली. ओ आली, पण लय लांबून आल्यासारखी. मग माझा हात धरून म्हणाली, "उकंड्या, आता तुला कोण हाक मारायचं रं?"

"मला काय धाड भरलीय? तू तुझं बघ," मी म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली. मरण तिला आलं होतं, आणि डोळ्यांत भेव माझ्यासाठीचं होतं.

तिची माती करून ते भेव मी घरी घेऊन आलो. शेतात एकटा असताना माझं मीच नाव घेऊन बघितलं, पण आपली हाक आपल्याला लागत नाही. पोराला सांगायचं तर इज्जत आडवी येते. सबंध गाव आप्पा म्हणतं, तिथं घाणीच्या नावानं हाक मार म्हणू कसा? मग एक झालं. 'विश्वनाथआप्पा' म्हणून कुणी हाक मारली की मी ओ देईना झालो, पुढं तर नुसत्या 'आप्पा'लाही. ते नाव मास्तरानं सगळ्यांदेखत घातलेलं, मरणालाही ते ठाऊक असणार. हाक मारणाऱ्यामागं कोण उभं असेल, सांगता येत नाही... घरच्यांना वाटलं, म्हातारा बहिरा झाला. पोरानं मला परभणीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, कान तरण्या माणसासारखे आहेत. येताना एसटीत पोरगा चिडून म्हणाला, "मग आप्पा, आमाला छळायलाव का?" मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

आमची सूनबाई माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. सासऱ्याचं नाव तर सोडाच, त्या नावाचा देव आला तरी ती "ते काशीतले" म्हणते. परवा दुपारी मी ओसरीत बाजेवर पडलो होतो. ती आतून म्हणाली, "आप्पा, जेवायला." मी गप्प. पुन्हा म्हणाली, तरी मी गप्प. मग भाकरी थापायचा आवाज थांबला. आणि एकदम हाक आली, "उकंड्या! ए उकंड्या, ऊठ, भाकर निवायली!" हेल तोच, दगडाबाईचा; ती पंचमीला आली की हिनं ऐकलेला. माझ्या तोंडून ओ गेली ती मला कळलीसुद्धा नाही. उठून आत पाहिलं तर सूनबाई पदर पार नाकापर्यंत ओढून, माझ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभी.

भेव गेलं म्हणणार नाही, ते आहेच. पण रोज दुपारी पोरगा शेतात गेला की ती पदर ओढते, भिंतीकडं तोंड करते आणि हाक मारते. मी ओ देतो आणि जेवायला बसतो.