ठकीला झोपवताना

चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम. मालक पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि हा मागच्या खोलीत मान खाली घालून यंत्रापाशी बसायचा. घरी आला की मात्र तोंडाचा पट्टा सुरू. त्याची बायको नर्स होती. ती म्हणायची, "दिवसभराचं साठवतोस आणि संध्याकाळी माझ्या डोक्यावर ओततोस."

तिला परदेशातल्या एका इस्पितळात दोन वर्षांची नोकरी मिळाली, तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. तिला सगळे ठकी म्हणत. गाल फुगवून लाकडी बाहुलीसारखी बसून राहते म्हणून आत्याने ते नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. "जा तू, मी बघतो," तो बायकोला म्हणाला. जेवण, आंघोळ, पाळणाघर, सगळ्याचा त्याने विचार केला होता, आणि ते जमलंही. झोपेचं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

ठकी आईच्या कानाची पाळी चोळत झोपायची. त्याने आपला कान पुढे केला. तिने तो चाचपला आणि म्हणाली, "हा नको. हा खरखरीत आहे."

आईची ड्यूटी रात्रीची. कामावर निघण्याआधी ती फोन करायची आणि नेमकी तीच ठकीची झोपायची वेळ. पडद्यावर आई दिसली की ठकी खूश. फोन बंद झाला की तो उलटा करून मागे बघायची, पलंगाखाली वाकायची आणि मग भोकाड पसरायची. कसाबसा डोळा लागला की पुन्हा उठायची, पुन्हा रडायची. खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकायचे. दिवसा हा यंत्रावर डुलक्या घ्यायचा. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. मालक मागे येऊन म्हणाला, "अरे, त्या माणसाला दोन-दोन बायका दिसताहेत. एकीपुढेच त्याच्या नाकी नऊ येतात!"

हसू आलं नाही, तेव्हा त्यालाच कळलं की आता डॉक्टर गाठले पाहिजेत.

मुलांच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "फोन झोपायच्या तोंडावर नको. आई दिसते आणि नाहीशी होते. तिच्या लेखी आई रोज नव्याने सोडून जाते. रोज एकाच वेळी दिवा मंद करा, एखादी गोष्ट सांगा आणि जागी असतानाच अंथरुणात ठेवा. तुम्ही जवळ बसा, पण रोज थोडं लांब सरका."

त्याने बायकोला सांगितलं. 

"म्हणजे मीच तिची झोप उडवते?"

"तसं नाही गं. सकाळी कर फोन. ड्यूटीवरून आलीस की."

"तेव्हा माझ्यात त्राण नसतं." मग ती म्हणाली, "बरं. तिला झोप लागू दे."

स्वयंपाकघरातलं स्टूल त्याने पलंगाशेजारी आणलं. पहिल्या रात्री ठकीने रडून घर डोक्यावर घेतलं. तो पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणत राहिला, "मी इथेच आहे." हळूहळू रडणं कमी झालं, कुरकुर उरली, पुढे नुसते उसासे. स्टूल सरकत सरकत दारापाशी गेलं, मग दाराबाहेर. एक दिवस तो दचकून जागा झाला तर उजाडलं होतं आणि ठकी पसरून घोरत होती. तो तिच्या नाकाखाली बोट धरून आला. श्वास चालू होता. आनंदाने त्याने फोन उचलला आणि ठेवला. बायको अजून ड्यूटीवर होती.

त्यानंतरच्या संध्याकाळी मात्र त्याला खायला उठायच्या. ठकी झोपली की घर चिडीचूप. तो भांडी घासायचा, पुसायचा, पुसलेली परत पुसायचा. काचांचा किस्सा सांगायला कुणी नव्हतं. तो रोजचा फोन ठकीसाठी होता असं सगळे धरून चालले होते, तोही. पण ठकी रडायला लागण्याआधी चार वाक्यं त्याचीही व्हायची. आता सकाळी आई थकलेली, इथे पाळणाघराची घाई, बोलायचं ते सगळं ठकीशीच. सुट्टीच्या दिवशी बायको निवांत फोन करायची, पण आठवडाभराचं बोलायचं म्हटलं की दोघांनाही सुचायचं नाही. "बाकी काय?" "बाकी ठीक."

दोन वर्षांनी ती परत आली. ठकी तिला बिलगली, दिवसभर सोडेना. रात्री आई शेजारी आडवी झाली तशी ठकी उठून बसली. "तू बाहेर जा. बाबा बसतो."

आई उठली आणि स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली. तो मागे गेला. "लहान आहे ती. सवय झालीय."

"मला माहीत आहे रे," ती म्हणाली. "इस्पितळात मीच हे लेकरांच्या आयांना सांगायचे. जा, ती हाका मारतेय."

दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर ती बसू लागली. ठकी भिंतीकडे तोंड करून झोपायची, तरी ती उठायची नाही. पावसाळा संपता संपता ठकीने एकदा विचारलं, "आई, गोष्ट येते तुला?" येत होती. मायलेकींचं जमलं.

नवराबायकोचं जमायला वेळ लागला. ठकी झोपल्यावर दोघं एकाच खोलीत बसायची. तो वर्तमानपत्र चाळायचा, ती कपड्यांच्या घड्या घालायची. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. एके दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याने सहज घरी फोन लावला. कुणीतरी दुरुस्तीला दिलेल्या चष्म्याच्या दोन्ही काड्या कुत्र्याने चावल्या होत्या, ते सांगू लागला. ती हसली. मग तिने इस्पितळातल्या एका म्हाताऱ्याची हकिगत सांगितली. तिथे असताना ती कधीच सांगितली नव्हती.

आता तो रोज दुपारी फोन करतो आणि दिवसभराचं फोनवरच ओततो. संध्याकाळी घरी आल्यावर ती विचारते, "दमलास?"

"नाही," तो म्हणतो, आणि हातपाय धुवायला जातो.