करामू रस्त्यावरच्या फुआतीनोचं मत

फुआतीनोच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत. नातवंडांच्या उंचीच्या. दर वाढदिवसाला एकेकाला चौकटीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर पुठ्ठा धरायचा आणि रेघ मारून नाव घालायचं. त्यातली एक रेघ मात्र कुणाच्याच नावाची नाही. ती पाण्याची. दोन वर्षांमागच्या जानेवारीतल्या पुरात घरामागचा ओढा आत शिरला तेव्हा पाणी तिथवर आलं होतं, फुआतीनोच्या कमरेच्या वर चांगली वीतभर.

तिचा नवरा ताविता तेव्हा खाटेवर होता. साखरेच्या दुखण्यात त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला, नजर अधू झाली, पण अंगाने गडी अजून भरभक्कम, शंभर किलोंच्या खाली नाही. फुआतीनोने त्याच्या काखेत हात घालून ओढलं, उशा रचल्या, देवाच्या नावाने हाका मारल्या. तो तसूभर हलला नाही. गादी भिजायला लागली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "फुआ, तू जा. मी आहे इथे." हे 'मी आहे इथे' तिला आजही भर दुपारी ऐकू येतं आणि ती हातातलं काम टाकून त्याच्या खोलीत डोकावून येते.

शेवटी शेजारच्या, टोंगा बेटांवरून आलेल्या दोघा भावांनी न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि त्यावर घालून त्याला बाहेर नेलं. त्यातला थोरला आता ऑस्ट्रेलियात खाणीवर कामाला गेलाय, धाकट्याने बायकोच्या हट्टाने घर बदललं. फुआतीनोची स्वतःची मुलं तीन, तिन्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे पुढच्या खेपेला दार उखडायलाही कुणी नाही.

ओढ्यावरच्या पुलाखालचा पाइप अरुंद आहे, तिथे कचरा अडकतो आणि पाणी मागे फिरतं, हे करामू रस्त्यावर शेंबडं पोरही सांगेल. मोठा पाइप टाकायचं काम यादीत आहे म्हणतात. पण त्या पुरानंतर अख्ख्या ऑकलंडचीच यादी झाली. त्यातलं आधी कुठलं आणि मग कुठलं, यात नव्या महापौराचा शब्द चालणार, असं फुआतीनोने रेडिओवर ऐकलं. त्यामुळे जन्मात कधी निवडणुकीकडे ढुंकून न पाहिलेली ही बाई बासष्टाव्या वर्षी उमेदवारांची पुस्तिका घेऊन बसली.

मतपत्रिका आमच्याकडे टपालाने येतात, सोबत ही पुस्तिका. प्रत्येक उमेदवाराचा फोटो आणि खाली बित्ताएवढा मजकूर. महापौरपदाला बारा जण उभे होते. फुआतीनोने चष्म्यावर भिंग धरून बाराही वाचले. एकाने कुत्र्याबरोबर फोटो काढला होता आणि मजकुरात निम्मं कुत्र्याबद्दलच होतं. एकाला शहराचा वेगळा देश करायचा होता. एकीला सगळ्या बस फुकट हव्या होत्या, ते फुआतीनोला पटलं, पण बस फुकट झाली म्हणून ताविता तिच्यात चढणार कसा? ओढा हा शब्द बाराजणांत कुठेच नव्हता. पाणी होतं, पण ते बंदराचं, बोटींचं. तिने पुस्तिका मिटून मतपत्रिकांसकट बायबलखाली ठेवली.

आणि मग शिवण सुरू झालं. मतदान संपायचं ते शनिवारी दुपारी बाराला, आणि दुसऱ्याच दिवशी पांढरा रविवार! आम्हा सामोआ बेटांवरून आलेल्या माणसांना वर्षातून तेवढाच एक दिवस असतो, ज्या दिवशी पोरं देवळात वचनं म्हणतात, आधी जेवतात आणि मोठी माणसं त्यांना वाढतात. प्रत्येक पोराला पांढरे कपडे नवे लागतात. ही तारीख ज्या शहाण्याने काढली त्याला आमच्या एकाही घरात शिवणयंत्र कधी थांबतं ते माहीत नसावं. मग वर तेच विचारणार, तुमची माणसं मत का देत नाहीत म्हणून. फुआतीनोकडे अकरा पोरांचे कपडे होते.

पाळकसाहेबांनी महापौरपदाच्या तीन मोठ्या उमेदवारांना देवळाच्या सभागृहात बोलावलं, मतदान संपायच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी सकाळी, पोरांची तालीम उरकल्यावर. फुआतीनोने एकच प्रश्न ठरवला. करामू रस्त्याच्या पुलाखालचा पाइप कधी बदलणार? शिवता शिवता ती तो पुटपुटायची. तावितालाही पाठ झाला होता. पण पाळकसाहेबांनी तिच्याकडे काम दिलं हारांचं, कारण तिच्यासारखे फुलांचे हार आमच्याकडे कुणी करत नाही. आणि त्यांनी सांगून ठेवलं की पाहुणे म्हणजे पाहुणे, आधी प्रार्थना, मग भाषणं, मग जेवण, आणि प्रश्न सगळ्यांत शेवटी, सवड उरली तर.

सवड उरणार नाही हे काय फुआतीनोला कळत नव्हतं? साठ वर्षं ती आमची जेवणं बघतेय. पण हार घालताना आपलं तोंड पाहुण्याच्या कानापासून वीतभरच असतं, हे तिच्या लक्षात आलं. तिने ठरवलं, तिथेच विचारायचं.

पहिला ग्रँट मॅकलीश, गोदामांचा मालक, उंच आणि गुलाबी. तिने हार घातला, टाचा उंचावल्या आणि प्रश्न विचारला. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेऊन फोटोवाल्याकडे बघून हसून दाखवलं.

दुसरा फिलिपो. आता फिलिपो म्हणजे ताविताच्या सख्ख्या भावाचा मुलगा. वकील झालेला, कोट घातलेला, आमच्या सगळ्या घराण्याचा अभिमान. फुआतीनोने त्याचं नाकसुद्धा पुसलंय. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याने तिला मिठी मारली.

"आंटी, तू अजून त्याच घरात? काकाला सांग, जिंकलो की पहिला त्याच्या पाया पडायला येतो."

"येताना पाइप घेऊन ये," ती म्हणाली. तो मोठ्याने हसला आणि पुढच्या माणसाला भेटायला गेला.

तिसरी हेदर विंटल. जुनी नगरसेविका, बारीक अंगाची, आखूड केसांची, पायात चपटे बूट. ही मात्र थांबली. कुठला रस्ता म्हणालात, असं तिने विचारलं. फुआतीनोने सांगितलं. बाईने पर्स चाचपली, कागद मिळेना, तेव्हा तिने पेन काढून सरळ डाव्या तळहातावर लिहिलं, करामू रस्ता, पूल, पाइप. निळ्या शाईत, ठसठशीत. फुआतीनोचे डोळे भरून आले. दोन वर्षांत तिचं म्हणणं कुणी लिहून घेतलं ते हे पहिल्यांदा.

भाषणांत काय झालं ते तिला विचारू नका. ती त्या हाताकडे बघत होती.

मग जेवण झालं. आमचं जेवण म्हणजे भाजलेलं डुक्कर, अळूचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली त्याचीच पानं, आणि सगळं हाताने. पाहुण्यांचे हात कोपरापर्यंत तुपकट. जेवण संपलं की मानाच्या पाहुण्यांपुढे कोमट पाण्याचं वाडगं, साबण आणि टॉवेल घेऊन जायचं, ही आमची रीत. हार घालणारीनेच वाडगं धरायचं, असं पाळकसाहेबांच्या बायकोने डोळ्यांनीच सांगितलं. फुआतीनो वाडगं घेऊन हेदरबाईंपुढे वाकली.

बाईने दोन्ही हात पाण्यात घातले. छान चोळून चोळून धुतले. पाणी निळसर झालं.

फुआतीनोला एवढंच म्हणायचं होतं, बाई, ते पुसू नका. पण त्याच वेळी सगळ्यांच्या वतीने बोलायचा मान असलेले आमचे वक्ते काठी टेकून पाहुण्यांचे आभार मानत होते. ते बोलत असताना सभागृहात पोरगं शिंकतसुद्धा नाही, मग वाडगं धरणारी बाई तोंड उघडेल? बाईने टॉवेलला हात पुसले, फुआतीनोकडे बघून गोड हसली, आणि पाचव्या मिनिटाला तिघंही पुढच्या सभेला निघून गेले. फुआतीनो वाडगं घेऊन मागच्या अंगणात गेली. तिला ते पाणी फेकवेना. शेवटी ओतलं तिने, केळीच्या बुंध्यात.

घरी आल्यावर तिने तावितापुढे मन मोकळं केलं. त्या बाईला लक्षात राहील का रे? ताविता ऐकून घेत होता, पण त्याचं डोकं दुसरीकडेच.

"आपल्या रक्ताचा पोरगा मेयर व्हायला उभा आहे," तो म्हणाला, "आणि तू परक्या बाईचा तळहात घेऊन बसलीस?"

"त्या पोराने माझं ऐकूनही घेतलं नाही."

"गर्दी होती. घरचा माणूस घरच्याला विसरतो का? फुआ, माझा बाप या शहरात कत्तलखान्यात फरशा धुवायचा. आमचं नाव त्या खुर्चीवर बघून मला मरू दे."

ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावायचा, त्यालाच ते नको असेल तर बाईने करायचं काय? ती उठली आणि शिवणयंत्रावर बसली. पंधरा दिवस दोघांनी तो विषय काढला नाही. ती मात्र गळे कापताना, काजं करताना दोघांना तोलत राहिली. फिलिपोला ती आयुष्यभर ओळखते, म्हणूनच तिचा त्याच्यावर भरवसा नाही. बाईला ती ओळखतही नाही आणि भरवसा ठेवायला हातावरची शाईसुद्धा उरली नाही. तरी लिहिलं तर होतं. कुणी निदान लिहिलं तरी होतं.

मतदानाच्या शेवटच्या शनिवारी सकाळी दहाला अकरावा सदरा संपला. कॉलरच्या आत पोरांची नावं घालायची राहिली होती, नाहीतर देवळात कपड्यांची अदलाबदल होते आणि आया भांडतात. त्यासाठी तिच्याकडे काळा पेन आहे, ज्याची शाई दहा धुण्यांतही जात नाही. नावं घालून झाली तसं तिने सदरे पाण्यातून काढून दोरीवर टाकले, मग बायबलखालून मतपत्रिका काढल्या आणि ताविताच्या उशाशी बसली.

त्याला अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्याच्या सांगण्यावरून खूण तिने करायची. "फिलिपो," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. किती सोपं होतं! पेन दोन ओळी खाली सरकवला असता तर त्याला कधी कळलं नसतं. तिचा हात क्षणभर थांबलाही. मग तिने फिलिपोच्या नावापुढेच खूण केली, कारण चाळीस वर्षांत त्याने तिच्या हातचं काही तपासून घेतलं नव्हतं.

स्वतःची पत्रिका तिने स्वयंपाकघरात नेली. हेदर विंटलच्या नावापुढे खूण केली. एवढ्याने तिचं समाधान होईना. बाईला आठवण राहणार नाही, शाई तर गेली, आपण बघितली जाताना. तिने तो काळा पेन उचलला आणि नावाशेजारच्या कोऱ्या जागेत, कॉलरवर लिहितात तशा सुबक अक्षरांत लिहिलं: करामू रस्ता, पूल, पाइप. घर क्रमांक सतरा. माझा नवरा चालू शकत नाही. मग फुंकर घालून वाळवलं. आता धुवा म्हणावं किती धुवायचं ते.

पावणेबाराला ती बाजाराच्या दुकानापाशी पोचली. टपाल चुकलेल्यांच्या मतपत्रिकांसाठी तिथे ठेवलेल्या नारिंगी पेटीजवळ आमच्यातलीच एक तरुण मुलगी बिल्ला लावून उभी होती. फुआतीनोने दोन्ही पाकिटं आत सोडली, पेटीवर जरा थोपटलं आणि विचारलं की यातली पत्रं बाई स्वतः वाचतात, की कुणी वाचून दाखवतं?

"कुठली पत्रं आंटी?"

"हीच. मत दिलेल्याने लिहिलेलं."

मुलगी गोंधळली. "लिहायचं नसतं आंटी, नुसती खूण करायची. यंत्र बघतं ना ते."

"आणि कुणी लिहिलं असेल तर?"

"मला नक्की नाही माहीत. बहुतेक बाजूला काढतात. वाद नको म्हणून धरत नसतील." मग तिचा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "का? तुम्ही काही लिहिलंत का?"

"छे," फुआतीनो म्हणाली.

ती तिथेच बाकावर बसली. बारा वाजले, दोन माणसं आली, त्यांनी पेटीच्या फटीवर चिकटपट्टी लावली आणि पेटी उचलून गाडीत ठेवली. तिने अडवलं नाही. काय सांगून अडवणार होती?

ती घरी आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि अकरा पांढरे सदरे दोरीवर तसेच होते. तिने ते आत आणले. ताविता जागाच होता.

"टाकलीस?"

"टाकली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"म्हणजे आपल्या घरातून त्याला एक तरी नक्की गेलं," तो खुशीत म्हणाला. "तुझं तू कुणाला दिलंस ते मी विचारत नाही."

"नको विचारूस. एकच गेलं," ती म्हणाली. मग चौकटीवरची ती पाण्याची रेघ एकदा बघून, अंगणातून चार विटा आणून तिने खाटेच्या एकेका पायाखाली एकेक सरकवली, आणि प्रत्येक विटेला तावितासकट खाट उचलताना तिला थांबून श्वास घ्यावा लागला.