नाळेचा विळा

"गरम पाणी हवंय ना तुला? घे!"

असं म्हणून खोतीणबाईंनी तांब्या उंच धरला आणि माझ्या जोडलेल्या ओंजळीत उकळतं पाणी ओतलं. वरून. आमच्यासाठी पाणी नेहमी वरूनच पडायचं; त्या दिवशी ते उकळत होतं, एवढाच फरक. मी किंचाळले. पडवीतल्या बायका हसल्या. एकीला तर हसून हसून ठसका लागला. तिला लगेच पाणी दिलं. थंड. भांड्यातून.

माझा गुन्हा काय? सांगते.

मी कापडे गावाच्या बाजूच्या महारवाड्यातली सुईण. महाडच्या दवाखान्यात एका नर्सबाईंनी आसपासच्या सुइणींना बोलावून शिकवलं होतं. बाई ठेंगण्या, आवाज मात्र घाट चढून पलीकडं उतरेल असा. बोट नाचवून सांगायच्या, "हात साबणानं! पातं उकळून! दोरा उकळून! नाळेला शेण नाही, माती नाही!" चिंध्यांच्या बाहुलीची चिंधीची नाळ आमच्याकडून कापून घ्यायच्या. आमचं चुकलं की बाहुलीच्या वतीनं स्वतःच टाहो फोडायच्या. आम्ही पोट धरून हसायचो. मग एकदम गंभीर होऊन म्हणायच्या, "धनुर्वात भुतानं होत नाही. घाणीनं होतो. मोठमोठ्या डॉक्टरांनी शोधून काढलंय."

मी वाड्यात तसंच करायला लागले. मडक्यात पातं उकळायचं, मग नाळ. त्याआधी आमची तान्ही पोरं जबडा मिटून, कमानीसारखी वाकून मरायची. ती मरायची थांबली. महारवाड्यात पोरं जगतात हो! मला गावभर नाचावंसं वाटायचं.

मग खोताकडून बोलावणं आलं. सुनेचं पहिलं बाळंतपण. मी डबी घेऊन गेले. पातं, दोरा, साबणाचा तुकडा. म्हटलं, "बाय, एका भांड्यात पाणी उकळवा. हे पातं टाकायचं हाय."

त्याचं उत्तर तुम्ही वर वाचलंत.

भाजल्या हातांनी आत गेले. पोर बाहेर आलं. मुलगा. मी डबीकडं हात केला, तर खोतीणबाईंनी ती पायानं शेणात उडवली आणि छपरात खोचलेला विळा काठीनं खाली पाडला.

हा विळा म्हणजे त्या घराची शान. घरातली प्रत्येक नाळ त्यानंच कापायची. धुवायचा मात्र नाही. धुणार कोण? जो धुवेल त्याला विटाळ. मागच्या बाळंतपणांचं रक्त त्यावर काळं पडून बसलेलं, त्यावर गंज. खोतांचा अख्खा वंश त्या पात्यावर वाळत पडला होता म्हणा ना.

"बाय, यानं नको. पोर जाईल."

"माझा नवरा याच विळ्यानं झाला. तू मला शिकवतेस गो, म्हारणी?"

कापली. मीच. वर ओलं शेणही मलाच थापायला लावलं.

काही दिवसांत पोरानं अंगावर प्यायचं सोडलं. जबडा मिटला. गेलं. खोतीणबाई आमच्या वाड्याच्या तोंडाशी येऊन छाती बडवून ओरडल्या, "म्हारणीचा हात लागला नि माझा नातू गेला!" आणि खड्डा खणायला बोलावलं कोणाला? माझ्याच नवऱ्याला. "खोल खण रे," त्याला सांगत होत्या, "कोल्हे उकरतील."

तो घरी आला. माझ्या हातांवरचे फुटलेले फोड बघितले. त्या दिवशी भाकऱ्या त्यानं भाजल्या.

महाडच्या तळ्याचं पाणी आमच्या माणसांनी ओंजळीनं प्यायलं, त्यात तो होता. डोकं फोडून आला होता. तेव्हा मी त्याला चिडवायची, "घोटभर पाण्यासाठी एवढं?" आता चिडवणं सुचेना. घोटभर पाणी म्हणजे काय, ते मला कळलं होतं.

पुढच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत पुन्हा हाक आली. तीच सून. खोताचा गडी बांधावरून ओरडला, "चल गो लवकर, वयनीला कळा सुटल्यात!"

गेले. पोर बाहेर आलं. मुलगी. पुसली, फडक्यात गुंडाळली, आईच्या पोटावर ठेवली. आणि हात मांडीवर ठेवून बसले. नाटकात राजा बसतो ना, तशी.

विळा पुढ्यात पडला.

"नाय," मी म्हटलं.

"नाय म्हंजे?"

"चुलीवर भांडं ठेवा. तुमचं रांधायचं भांडं. पातं मी माझ्या हातानं टाकणार. नायतर तुम्ही कापा."

नाळ थोडी थांबली तर पोर मरत नाही, हे नर्सबाईंनी सांगितलेलं. मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. मी कशाला सांगू?

मग काय तमाशा झाला म्हणता! खोतीणबाई जावेला म्हणाल्या, "तू काप." जाऊबाईंना एकदम उपास आठवला. नणंद म्हणाली, "माझं सोवळं हाय." शेजारीण न बोलता परसाकडं गेली ती गेलीच. बाहेर खोत खोकत होते. त्यांना हाक मारली, तर खोकलाही थांबला. जमीन पार डोंगरापर्यंत, आणि स्वतःच्या नातीच्या नाळेला लागेल असा एक हात त्या घरात नव्हता.

शेवटी सून बोलली. कधी मान वर न केलेली पोरगी.

"आत्याबाय, भांडं ठेवा. नायतर मी उठते नि ठेवते." खरंच कोपरावर उठली. खाली रक्त वाहत होतं. "पयला तुमच्या विळ्यानं गेला. ही माझी हाय."

भांडं ठेवलं. खोतीणबाईंनीच. मी पातं उकळलं, दोरा उकळला, हात धुतले, नाळ बांधली, कापली. नाळेमागोमाग वार पडली.

"आता वार उचल, जागा सारव नि ते भांडं घेऊन नीघ. बाटलं ते."

"वार तुमची, जागा तुमची," मी म्हटलं. "भांड्यात उद्या भात शिजवा, नायतर नदीत टाका. मी नेणार नाय."

दुसऱ्या दिवशी आमच्या घरावर दगड आले. खोताच्या शेतावरचं काम सगळ्या वाड्याला बंद झालं. वाड्यातलेच काही म्हणाले, तोंड आवरलं असतंस तर? मुलगी जगली. पुढं अंगणात रांगताना दिसायची. मी दिसले की कोणीतरी धावत येऊन तिला आत न्यायचं. माझी सावली पडू नये म्हणून.

तेव्हा पक्कं केलं. ज्या घरात माझा हात बाळाला चालतो आणि भांड्याला चालत नाही, त्या घरात मी हात लावणार नाही. वाड्यातल्या पोरींना पातं उकळायला शिकवलं, तसं हेही शिकवलं. उंबऱ्याशी बसा. शिव्या ऐका. दगड खा. पण भांडं आधी, मग नाळ.