तळलेल्या कुरडईसोबत

वच्छलाबाईंनी वाइन चाखली होती, हे अकोल्याजवळच्या त्यांच्या गावात कुणाला शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. नवरा उत्तमराव तर माळकरी. चहात आलं जरा जास्त पडलं तरी कपाकडं संशयानं पाहणारा माणूस.

दिगांबर त्यांचा एकुलता एक. कापसानं गावाला रडवायला घेतलं त्या वर्षांत पोरं मिळेल त्या गाडीत बसून बाहेर पडली. कोणी नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात गेलं, दिगू गेला नाशिककडं वाइनच्या. उत्तमराव विचारणाऱ्याला सांगत, पोरगा द्राक्षाच्या लाइनीत आहे. खोटं नव्हतंच ते.

एका दिवाळीला त्यानं पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या, स्वतःच्या हातानं भरलेल्या. बाबांनी एक घोट घ्यावा, आपण काय करतो ते पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. उत्तमराव उठून मंदिरात गेले आणि आरती संपली तरी परतले नाहीत.

मग मायलेकांनी ओल्या फडक्यात गार केलेली एक बाटली स्वयंपाकघरातच उघडली. स्टीलच्या पेल्यांत. पाहुणचार म्हणून बाईंनी ठेचा-भाकर पुढं केली, तर दिगूनं कपाळाला हात लावला.

"माय, ठेच्यापुढं हे बिचारं मुकं होते."

मग उकडलेल्या शेंगा झाल्या, ज्वारीच्या लाह्या झाल्या, बिनमिरचीचे मुगाचे वडे झाले. सगळ्यांना काठावर पास करत स्वारी तळलेल्या कुरडईवर येऊन थांबली. खारट, कुरकुरीत, आणि वरून गार घोट. नाशकाचे साहेब लोक याच्यासंग चीज खातात म्हणे; कुरडई त्याहिले कोण सांगीन? बाईंना ती वाइन कैरीच्या पाण्यासारखी लागली, मागून जरा पेरूचा वास. रंग लिंबाच्या सरबताचा. पदर तोंडाला लावून त्या कितीतरी हसल्या.

दुसरी बाटली बाबांची. गार जागी आडवी ठेव, असं बजावून दिगू गेला. पुढं द्राक्षं आणायला गेलेली गाडी उलटली. दिगू त्या गाडीत होता.

बाटली गव्हाच्या कोठीत होती. गहू संपला तशी ती टिनाच्या छपराखालच्या फळीवर आली आणि अकोल्याचा अख्खा उन्हाळा तिथंच उभी राहिली. बाईंना तिच्याकडं पाहवत नव्हतं, म्हणून त्यांनी पाहिलंच नाही.

दुसऱ्या वर्षी अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली, पान वाढलं. आमरस, शेवया, कुरडई. बापानं लेकाच्या नावानं पाणी सोडलं. मग उत्तमरावांनी गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली.

"आन वं ते बाटली. पोरानं काय केलं, मले पाहू दे."

बूच निघेना, तेव्हा पेचकसानं आत ढकललं. पेल्यात पडली ती चहाच्या रंगाची. ओततानाच बाईंना वास कळला. आंबून तिचा सिरका झाला होता.

उत्तमरावांनी घोट घेतला. डोळे मिटले. कुरडईचा तुकडा मोडून खाल्ला, पुन्हा एक घोट घेतला. जन्मात दारू न चाखलेल्या माणसाला ती बिघडलीय हे कळायचं कारण नव्हतं.

"आंबट हाये," ते म्हणाले, "पण मन लावून केली त्यानं." मग पानाकडंच पाहत त्यांनी विचारलं, "तू घेतली होती ना त्याच्यासंग. अशीच होती का वं?"

बाईंनी त्यांच्या हातातला पेला घेतला. एक घोट गिळला.

"हो," त्या म्हणाल्या. "अशीच होती."

आणि पेला परत देऊन कुरडईची ताटली त्यांच्याकडं सरकवली. उत्तमरावांनी पेला पुन्हा पुढं केला.