पापलेटसुद्धा खाडीचंच

आज सकाळी बोईसरच्या बाजारात आईच्या जागेवर मासळी विकायला बसले होते. समोर एक साहेब आला. बघताक्षणी ओळखला.

खाडीत मेलेले मासे घेऊन आम्ही मुरबे गावचे लोक जनसुनावणीला गेलो, तेव्हा हाच केमिकल कंपनीकडून बोलला होता. म्हणे, "पाण्याचे नमुने तपासलेत. खाडी स्वच्छ आहे."

आज त्याने पापलेट उचललं, कल्ले बघितले आणि हळूच विचारलं, "हे खाडीचं नाही ना?"

पापलेट खोल दर्यातून येतं, हे त्याला कुठे माहीत.

मी म्हटलं, "खाडीचंच हाय साहेब. स्वच्छ हाय, तुमीच बोललात ना."

त्याने ते खाली ठेवलं आणि शेजारच्या मावशीकडे गेला. मान वर न करता ती म्हणाली, "आमचं पण खाडीचंच." पुढची म्हणाली, "माजी सुरमई पण." अख्खी रांग तेच बोलली. साहेब रिकामी पिशवी घेऊन गेला.

मला जराही वाईट वाटलं नाही. खाडी साफ होईपर्यंत त्याच्या ताटात मासा पडू द्यायचा नाही.

तुमच्यापैकी कोणाची आई, मावशी दुसऱ्या बाजारात बसते का? कमेंटमध्ये सांगा. साहेब दिसतो कसा, ते कळवते.