न हुंगलेली फुले

किस्से कोणी मुद्दाम जमवीत नाही. फुले निवडताना देठ पायाशी साठतात आणि उठताना पदराला लागून घरी येतात; हेही तसेच आले. बाहत्तरच्या दुष्काळानंतर आमच्या महादेवाच्या विहिरीला पुन्हा पाणी लागले आणि बाग फुलली. औंढ्याच्या वाटेवरच्या त्या देवळाच्या ओट्यावर आम्ही रोज सकाळी हार करीत असू. कौसाबाई, धुरपता, बागेतून फुले आणणारा मारोती आणि मी. मला सारे माई म्हणत.

ओट्यावर नियम एकच होता. देवाचे फूल हुंगायचे नाही. हुंगलेले फूल उष्टे.

कौसाबाईने पहिल्याच दिवशी विचारले, "अन् माई, मधमाशी आपल्या आधी येऊन हुंगून गेली, तिला कोन सांगनार?"

"ती पोटासाठी येते. आपण हौसेसाठी हुंगतो."

"मंग मलाबी भूकच लागली म्हना."

मी फुलांची टोपली तिच्यापुढे सरकवली.

०

धुरपताला वास येत नाही, हे आम्हाला पावसाळाभर कळले नाही. जिथे कोणीच हुंगत नाही, तिथे कळावे कसे? एकदा मारोतीने ओल्या पोत्यात राहिलेली शेवंती आणली. त्या आंबूस वासाने आम्ही मागे सरकलो. धुरपता शांतपणे ओवीत राहिली.

"काहून गं, नाक घरी ठिवून आलीस का?" कौसाबाई म्हणाली.

"मुदतीच्या तापात गेलं," धुरपता म्हणाली. "डाग्दर म्हनले, येईल आपोआप. वाट पाहून राहिले." मग दोरा ओढत म्हणाली, "आमच्या वत्सलाला दिस गेलेत. तिचं लेकरू व्हईपर्यंत यावं, एवढंच देवाला मागते. ल्हानपनी वत्सलाची टाळू हुंगल्याबिगर मला झोप येत नसे. नातवाचीबी हुंगायची हाय."

त्या दिवसापासून ती टोपली उन्हात सरकवून थोडा वेळ बसू लागली. मधमाशा ज्या फुलांवर उतरत, ती फुले ताजी समजून ओवी.

०

हिंगोलीच्या बाजारातून एका भक्ताने प्लास्टिकच्या फुलांचा हार आणला. कधी सुकणार नाही, धुऊन पुन्हा घालता येईल, असे त्याने कौतुकाने सांगितले. जे सुकत नाही ते अर्पण कसले, असे माझे मत. तरी त्याचे मन राखून तो दाराच्या खुंटीला लावला.

एक पिवळे फुलपाखरू त्यातल्या लाल फुलावर उतरले, चार पावले चालले आणि उडाले. मधमाशी तर जवळ येऊन, एक फेरी मारून, न बसताच परतली.

"पाहुनी आली अन् रिकामं ताट पाहून गेली," कौसाबाई म्हणाली.

मारोती पोट धरून हसला. धुरपता हाराकडे पाहत होती.

"त्यायला बराबर कळलं," ती म्हणाली. "मला तर दोनी सारखेच."

संध्याकाळी मी तो हार उतरवला.

०

शाळेचे गुरुजी दर्शनानंतर ओट्यावर टेकत. फुलपाखराला चव पायांनी कळते आणि मधमाशीला वास डोक्यावरच्या मिशांनी येतो, असे त्यांनी एकदा सांगितले.

कौसाबाई विचारात पडली. "बरं झालं गुरुजी, मानसाला तसं न्हाई. आमच्या गल्लीच्या चिखलातून आल्यावर भाकर कोनाला गेली असती?"

गुरुजीही हसले. धुरपता हसली नाही.

"म्हंजी नाकाबिगर वास घेता येतो, गुरुजी?"

"त्यांना, बाई," गुरुजी म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून उठले.

०

एका सांजेला मारोती धावत आला. "माई, चला लवकर. एक पाखरू फुलात सोंड घालून राहिलं, अन् बसून न्हाई राहिलं."

गुलबक्षीच्या ताटव्यावर एक मोठा पतंग अधांतरी थरथरत होता. त्याची सोंड सुताएवढी बारीक होती. फुलामागून फूल, एकही चुकत नव्हते.

"सुई ओवायला तुझ्यापेक्षा हुशार हाय, मारोती," कौसाबाई म्हणाली.

अंधारून आले होते. आम्हाला पान कोणते आणि फूल कोणते ते दिसेना.

"एवढ्या अंधारात याला कसं सापडलं?" धुरपताने विचारले.

"वासावर," मारोती बोलून गेला, आणि त्याने मान खाली घातली.

०

चैत्रात मोगरा भरास आला. वत्सला बाळंतपणासाठी माहेरी आली होती. एका सकाळी मी ओंजळभर कळ्या बाजूला काढून धुरपतापुढे ठेवल्या.

"या देवाला वाहायच्या नाहीत. घे."

कौसाबाईने माझ्याकडे पाहिले. धुरपताने ओंजळीत तोंड बुडवले आणि पुष्कळ वेळ वर काढले नाही.

"कसं वाटतं?" मी विचारले.

"गार," ती म्हणाली.

०

बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने वत्सला बाळाला महादेवाच्या पायावर घालायला घेऊन आली. बाळाची टाळू तेलाने चमकत होती. कौसाबाईने ती हुंगली. मीही हुंगली. मग बाळ आजीच्या मांडीवर गेले.

धुरपताने टाळूवर नाक टेकले आणि डोळे मिटले. आम्ही हार ओवीत राहिलो. तिने डोळे उघडले आणि बाळाचे झबले सारखे केले.

टोपलीवरची एक मधमाशी उठली, बाळाच्या डोक्याभोवती फिरली आणि टाळूवर उतरली.

"आये, चावंल ना," वत्सलाने पदर उचलला.

धुरपताने हात आडवा धरला.

"हाकलू नको," ती म्हणाली. "तिला तरी घेऊ दे."